मरताना दुखू नये

१० नोव्हेंबर २००२

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने दिवाळीला दिली. वर्षाचे दीड महिने उरले असताना डायरी वाटणारा माणूस म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळ मांडणारा. पण फुकट ते पौष्टिक. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या घालतो आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक तगडा बैल आहे आणि त्याखाली ओळ: ‘डायक्लोफेनॅक इंजेक्शन, तासाभरात बैल उभा!’ यात खोटं काही नाही. मी रोज बघतो.

सरकारी दैनंदिनी मी बावीस वर्षं लिहितोय. अमुक गावी गेलो, इतक्या ढोरांना लस टोचली. तीत खरं असतं, पण मनातलं नसतं. मनातलं इथे लिहीन म्हणतो.

मी घनश्याम, आंबेटोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. मोठे साहेब महिन्यातून दोनदा येतात, एरवी सगळा कारभार माझा. लोक ढोरडॉक्टर म्हणतात. बाजार चामोर्शीला, आमचं गाव तिथून आत, जंगलाच्या तोंडाशी.

आज लिहायला बसलो तो गुलाम रसूलमुळे. हा माझा दोस्त, चामोर्शीचा हाडांचा व्यापारी. गावोगावच्या ढोरफोडीवरून, म्हणजे मेलेली ढोरं टाकायच्या जागेवरून, सुकी हाडं उचलतो. सकाळी नाकाला रुमाल बांधून दवाखान्यात आला.

"डॉक्टरभाऊ, तुमच्या गावचा बैल चार दिवसापासून पडून हाय. सडून राह्यला. गिधाडं काऊन नाई आले?"

"येतील. जातात कुठे?"

"नाई भाऊ. पहिले माही एक बीडी संपेपर्यंत ढोर साफ व्हायचं. आता कुत्रेच कुत्रे."

संध्याकाळी नाल्याकाठी गेलो. तिथे अर्जुनाची, म्हणजे आमच्याकडच्या कहूची, सात उंच झाडं आहेत. गिधाडं पिढ्यान् पिढ्या तिथेच बसतात. एकतीस मोजली. रिंकूच्या वहीत शहाण्णव सालचा आकडा एकशे बारा आहे. रिंकू माझी मुलगी. तिच्याबद्दल आज नको.

१७ नोव्हेंबर

रविवार. गुलामभाई आला की आमचा हाडांचा खेळ होतो. तो पोत्यावर निरनिराळ्या प्राण्यांच्या पुढच्या पायांची हाडं मांडतो आणि मी ओळखतो. आज बैल, वटवाघूळ, बेडूक आणि पडून मेलेल्या एका गिधाडाचा पंख.

बावीस वर्षांपूर्वी ट्रेनिंगला आमच्या मास्तरांनी हे शिकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अजून येतो. खांद्याखाली एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगटाची खडी, मग बोटं. माणूस असो, बैल असो, पाखरू असो. बैल आपल्या दोन बोटांच्या नखांवर उभा असतो. वटवाघळाने बोटं लांबवून त्यांवर कातडं ताणलं. बेडकाची कोपराखालची दोन हाडं जुळून एक झाली. गिधाडाच्या पंखातही मनगट आहे, तीन बोटं आहेत, फक्त एकमेकांत मुरलेली. माझा बाप तलावात जाळं टाकणारा ढिवर. मासोळीच्या पाख्यात, म्हणजे पोहायच्या परात, हे दिसत नाही. पण मास्तर म्हणायचे, करोडो वर्षांमागे कुठल्याशा मासोळीच्या पाख्यातच ही मांडणी सुरू झाली, आणि मग ज्याला जसं जगायचं तसं त्याने ती ताणली, आखडली, जोडली.

गुलामभाईने गिधाडाचं खांद्याचं हाड माझ्या हातावर ठेवलं. वजनच नाही. आतून पोकळ.

"खुदाची कारागिरी पाहा," तो म्हणाला. "नमुना एकच, माल अलग अलग."

"माल पण एकच, गुलामभाई. रक्त, मांस, दुखणं, सगळं एकच. म्हणून तर माझी सुई बैलालाही चालते आणि गोकुळाच्या गुडघ्यालाही तीच गोळी चालते."

गोकुळा, माझी बायको, चहा घेऊन आली होती. पोत्याकडे बघून म्हणाली, "अजी, जेवायच्या जाग्यावर हाडं नोका मांडू." आणि आत गेली.

२६ नोव्हेंबर

गावातल्या पत्रूचा चांद्या आज गेला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला म्हातारा बैल, आठ दिवसांपासून मागचे पाय टाकून पडला होता. वाचणार नव्हता. मी शेवटची सुई दिली, दुखणं थांबवायची, मोठ्या डोसाची. पाऊण तासात त्याचं कण्हणं थांबलं. मान पत्रूच्या मांडीवर टाकून संध्याकाळी शांत गेला. पत्रू माझ्या पाया पडायला लागला. माझा हा नियम सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. वाचणारं जनावर वाचवायचं, आणि न वाचणारं असेल तर मरताना तरी दुखू द्यायचं नाही.

नियम कुठून आला ते लिहूनच टाकतो.

रिंकूला सिकलसेल होता. आमच्या भागात घरोघरी आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तिला जोराचा झटका आला. नाल्याला पूर, गाडी निघेना. अकरा तास ती ओरडत होती. माझ्या पिशवीत ढोरांची दुखण्याची सुई होती. मी ती दिली नाही. ढोराचं औषध पोरीला कसं द्यायचं? हात लावला नाही त्या बाटलीला. पूर ओसरल्यावर खाटेवर घालून नेलं, ती वाटेतच गेली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितलं, "औषध तेच असतं हो. आम्हीही तेच देतो, डोस कमी. वाचली नसती, पण ठणका कमी झाला असता."

चौदा वर्षांची होती. छपरावर चढून रोज गिधाडं मोजायची. गोकुळाने ती वही आजवर उघडली नाही.

शरीर सगळ्यांचं एकच असतं हे मला पोर गेल्यावर कळलं. तेव्हापासून सुई द्यायला माझा हात कधी मागे राहिला नाही.

१९ डिसेंबर

कहूच्या झाडांखाली आज तीन गिधाडं मेलेली. त्याआधी आठ दिवस मान खाली घालून बसलेली दिसत होती, झोपेत डुलणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. एक दवाखान्यात आणून फाडलं.

बावीस वर्षांत शेकडो जनावरं फाडली, असं कधी पाहिलं नाही. काळजावर, म्हणजे यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडावर पांढरा थर. कोणीतरी आतून चुना फासावा तसा. बोटाने खरवडला तर निघाला.

बराच वेळ विचार केला. गायीच्या मुतात अंगातली घाण पाण्यात विरघळून जाते, त्याला पाणी फार लागतं. पाखराला एवढं पाणी वाहून उडता येत नाही. त्याला मूत्राशयच नाही. आणि अंड्यात असताना तर घाण टाकायला जागाच नसते, पाण्यात सोडली तर पिल्लू त्यातच मरेल. म्हणून पाखरं आणि सरडे ती घाण कोरडी, पांढरी करून बाजूला टाकतात. कावळ्याच्या शिटेतलं पांढरं म्हणजे त्याचं मूतच. तेच पांढरं या गिधाडाच्या हृदयावर चढलं होतं. म्हणजे मूत्रपिंड बंद पडलं.

कशाने? मला वाटतं, तहानेने. नाला यंदा लवकर आटला. उद्या झाडाखाली टाकं ठेवतो.

२ जानेवारी २००३

टाकं ठेवून तेरा दिवस झाले. पाणी पितात, अंघोळही करतात, आणि मरतात. तेवीस उरली.

वर कळवलं होतं. उत्तर आलं की पक्षी हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. जंगल खात्याच्या माणसाला भेटलो तर तो म्हणाला, रोग असेल तर तुमचंच खातं. गिधाडाला पंख आहेत म्हणून आमचं नाही आणि रोग आहे म्हणून त्यांचं नाही. धोब्याचा कुत्रा, न घर का न घाट का.

एक चांगली गोष्ट. सगळ्यात उंच कहूवर घरटं आहे आणि नर-मादी पाळीपाळीने बसतात. वर्षाला एकच अंडं. गोकुळाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचं सूप हलायचं थांबलं.

११ जानेवारी

मी नवीन काम काढलं आहे. गिधाडांचं ताट.

गुलामभाईचं म्हणणं, कोणीतरी वाघासाठी ढोरात विष घालत असेल. माझं म्हणणं, कुत्रे आधी खातात आणि यांना उपास पडतो. दोन्हींवर एकच उपाय. ढोर मेलं की त्याच दिवशी गुलामभाईच्या गाडीवर घालून कहूखाली आणायचं. कुत्र्यांना हाकलायला तिथे सुकलू बसेल. सुकलू मध काढणारा, झाडावर चढण्यात वानर.

आणि विषाची शंकाच नको म्हणून मी एक नियम घातला. ज्या ढोराला शेवटपर्यंत मी स्वतः पाहिलं, मीच औषध दिलं, तेवढंच ताटात जाईल. दुसऱ्याचा भरवसा नाही.

आज पहिलं ताट, भैयाजींची गाय. अकरा गिधाडं उतरली. आधी एक म्हातारं लंगडत आलं, मग सगळी. पंख पसरून एकमेकांवर धावून जाण्याचा केवढा तो थाट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुलामभाईने बीडी पेटवली आणि तशीच विझू दिली.

३० जानेवारी

चौदा.

कळत नाही. तीन ताटं झाली. सगळी ढोरं माझ्या हातची, स्वच्छ. खातात, दोन-तीन दिवस बरी असतात, मग माना टाकतात.

पण घरट्यात पिल्लू आहे! सुकलूने वर चढून पाहिलं. "पांढऱ्या कापसाचा गोया, अन् त्याले मोठी चोच," म्हणाला. मी रिंकूच्या वहीत तारीख घालून लिहिलं. तिच्या अक्षराखाली माझं अक्षर फार वाईट दिसतं.

१६ फेब्रुवारी

डोंगराकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, लालसू आला होता, माडिया आदिवासी आहे. बकरीला जंत झाले होते. सहज विचारलं, तुमच्याकडे गिधाडं आहेत का?

"हायेत ना दादा. बक्कळ हायेत."

"मरत नाहीत?"

"काऊन मरतीन? ढोर मरते आमच्याकडे, गिधाड नाई मरत." मग हसला. "तुमच्याकडे सुई हाय, ढोर जगते. आमच्याकडे डॉक्टरच येत नाई, त गिधाडं जगते."

मला ते फार लागलं. टोमणा बरोबरच होता. त्या टोल्यावर मी चार वर्षांत गेलो नाही, वाट नाही म्हणून. म्हटलं, लालसू, पुढच्या महिन्यात औषधांची पेटी घेऊन येतो, वचन देतो.

९ मार्च

परवा पत्रूचा दुसरा बैल ताटात घातला होता. आज घरट्यातली मादी झाडाखाली पडलेली. नर फांदीवर आहे, पण मान खाली.

लालसूकडे जाणं लांबलं. पिल्लाला सोडून कसा जाऊ?

१२ मार्च

नर गेला. सुकलूला वर चढवलं आणि पिल्लू टोपलीत घालून खाली आणलं. साडेतीन किलो. उतरवताना टोपली फांदीवर आपटली, डावा पाय दुखावला आहे.

घरी आणताना भीती वाटत होती. आमच्याकडे गिधाड छपरावर बसलं तरी अपशकुन म्हणून शांती करतात. गोकुळा दारात उभी राहिली, टोपलीत बघितलं.

"हे कोन?"

"मायबाप मेले याचे."

"मंग भाईर काऊन उभे हा? उन्हं लागून राह्यली त्याले."

तिने बकऱ्याच्या काळजाचे बारीक तुकडे केले आणि बोटाने चोचीत घातले. सहा वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. "खाय माय, खाय. अजून घे." पिल्लू नर की मादी ते मलाही कळत नाही, पण ती त्याला बाई म्हणते.

१५ मार्च

खातं आहे. पण पाय टेकत नाही, घोटा सुजलाय. हात लावला की चिरकतं.

गोकुळा दुपारी माझ्यापुढे येऊन बसली. "अजी, लय दुखते तिले. तुमच्या सुईनं उतरन नाई का?"

त्या क्षणी मला पूर दिसला, खाट दिसली. डोस काढायला वही घेतली. बैलाचं वजन, बाटलीवरचा डोस, पिल्लाचं वजन, त्रैराशिक मांडलं. दोनदा तपासलं. चूक नको म्हणून त्याहून थोडं कमीच भरलं आणि मांडीच्या मांसात दिलं. अजिबात हललं नाही. दीड तासाने पाय टेकून उभं राहिलं!

गोकुळा हसली. मला म्हणाली, "त्या दिवशी दिली असती त." मग म्हणाली, "जाऊ द्या."

माझ्या छातीवरून सहा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. खोटं का लिहू, मी गोठ्यामागे जाऊन रडलो.

१७ मार्च

पिल्लू पहाटेपासून मान टाकून आहे. खात नाही.

१८ मार्च

गेलं. गोकुळाच्या पदरात होतं.

मी फाडलं नाही. तिने फाडू दिलं नसतं, आणि आत काय असेल ते मला ठाऊक होतं. रोग लागणारा आहे, आईबापांकडून आला. तिला तेच सांगितलं. तिने त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सीताफळाखाली पुरलं. चूल पेटवली नाही.

६ एप्रिल

कहूवर शून्य. चार दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहिलं.

ढोरफोडीला आता कुत्र्यांचं राज्य आहे. गुलामभाई धंदा बंद करतोय. त्याचा मुलगा आरिफ चामोर्शीत सायकलचं दुकान टाकतो आहे. "सडकं मांस वरबाडून हाडं काढायचं वय नाई राह्यलं माहं," म्हणाला. लालसूला दिलेलं वचन राहून गेलं. त्या डोंगराकडे बघवत नाही.

लिहिण्यासारखं काही उरलं नाही. बंद करतो.

८ फेब्रुवारी २००४

दहा महिन्यांनी डायरी उघडली.

गुलामभाई आज दुपारी सायकलवरून आला. खिशात पेपराचा तुकडा, चार बोटांची बातमी. "भाऊ, गिधाडाचं आलं हाय. इंग्रजी औषधाचं नाव हाय, मले वाचता नाई येत, तुमी वाचा."

शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. ढोराला दिलेलं दुखण्याचं औषध. सुई दिल्यावर दोन-चार दिवसांत ढोर मेलं तर ते मांसात राहतं. गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं, अंगातलं पांढरं बाहेर पडत नाही, ते हृदयावर आणि काळजावर साचतं. औषधाचं नाव डायक्लोफेनॅक.

ते नाव या डायरीच्या प्रत्येक पानाखाली आहे. मी त्याच्यावर लिहीत गेलो.

मागची पानं वाचली. चांद्या ताटाआधीचा, पण सुई तीच. मग भैयाजींची गाय, पत्रूचा दुसरा बैल. ज्यांना मी शेवटची सुई दिली तेवढेच वेचून ताटात वाढले. विष नको म्हणून वेचले. गावातली ढोरं न वेचता टाकली असती तर चारातल्या एखाद्यातच औषध असतं. मी एकही बिनऔषधाचं जाऊ दिलं नाही. आणि पिल्लाला तर मांसातूनही नाही, थेट.

हाडांनी फसवलं मला. नाही, हाडं खरीच बोलत होती, मी पुढचं ऐकलं नाही. खांदा एक, कोपर एक, मनगट एक, म्हणून मी म्हटलं की आतलंही एक. पण गाय आणि गिधाड यांच्या वाटा करोडो वर्षांमागे वेगळ्या झाल्या. एकीने पाणी धरलं, दुसऱ्याने पाणी सोडलं. हे मी याच डायरीत लिहिलंय, एकोणीस डिसेंबरला, माझ्या हाताने! आणि निष्कर्ष काय काढला, तर टाकं ठेवा.

गुलामभाईने तुकडा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "डॉक्टरभाऊ, तुमी जानून थोडी केलं."

"गाडी तुझी होती, गुलामभाई."

"व्हय," तो म्हणाला. "तेच इचार करून राह्यलो मी बी."

गोकुळाला सांगितलं नाही. ती पिल्लाला रोग झाला होता असं समजते. सीताफळाखाली अजून दिवा ठेवते.

२१ फेब्रुवारी

कालचं आज लिहितोय, लालसूच्या टोल्यावरून.

परवा लालसू पळत आला. त्याचा बैल दरडीवरून घसरला, कंबर मोडली, जागचा हलत नव्हता. "दादा, चला. सुई द्या. ओरडते, पोरं जेवत नाई." मी पिशवी घेतली. गोकुळा म्हणाली, "मी बी येतो. घरात जीव लागत नाई." पिशवीत ती बाटली होती. काढून ठेवायला हवी होती, पण हात धजला नाही.

काल सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पोचलो. टोल्यामागच्या झाडांवर गिधाडं होती. वर्षभराने पाहिली. पाय तिथेच थांबले.

बैल अंगणात पडलेला, डोळे बाहेर आलेले. वाचणार नाही हे बघताच कळलं. सगळा टोला गोळा झाला होता. मी सुई काढली, बाटली काढली, रबरात सुई खुपसली. मग मनात आलं, मेल्यावर या बैलाला हे लोक ओढून रानात टाकणार आणि ती झाडावरची खाली येणार. सगळा खडक, बैल पुरण्याएवढा खड्डा तिथे होत नाही. दुसरं कुठलं औषध पाखरांना चालतं हे पेपरात नव्हतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.

"अजी," गोकुळा म्हणाली, "काऊन नाई देत?"

मी सांगितलं. तिला आणि लालसूला, सगळ्यांसमोर. ताटाचं सांगितलं. मग म्हटलं, "पिल्लाला रोग नव्हता, गोकुळा. ते माझ्या सुईने गेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता उठून निघून जाईल. हक्क होता तिचा.

लालसूने विचारलं, "म्हंजे यानं दुखणं सोसाचं, मंग ते जगतीन?"

"हो."

तो त्याच्या माणसांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. त्यांतल्या एका म्हातारीने होकाराची मान हलवली. "मंग बसा दादा," लालसू म्हणाला. "एकट्याले नाई सोडाचं."

गोकुळा उठली. लालसूच्या बायकोला म्हणाली, "बाई, मीठ हाय का? तवा ठेव चुलीवर." मिठाची पुरचुंडी गरम करकरून ती बैलाची कंबर शेकत राहिली, रिंकूचे गुडघे शेकायची तशी. मी डोकं मांडीवर घेतलं. तो ओरडायचा तेव्हा सगळं अंग हादरायचं, माझंही. पिशवी हाताच्या अंतरावर होती. मी किती वेळा तिच्याकडे पाहिलं ते देवाला ठाऊक.

एकदा तिने मान वर न करता म्हटलं, "त्या दिवशी बी तुमी अकरा घंटे असंच डोकं धरून बसले होते."

"त्या दिवशी द्यायला हवी होती, गोकुळा."

"व्हय. तवा द्याची होती, अन् पिल्लाले नाई द्याची होती." मग पुरचुंडी तव्यावर ठेवायला गेली. परत आली आणि शेकत राहिली.

दुपारी तीनला, आम्ही बसल्यापासून सहा तासांनी, त्याने प्राण सोडला. डोळे मिटायला मला धीर झाला नाही, ते लालसूने केलं.

आज सकाळी उन्हं चढल्यावर गिधाडं उतरली. आम्ही पळसाच्या आडोशाला बसलो होतो. मी मोजायला लागलो तर गोकुळाने हात पुढे केला, "वही द्या." रिंकूची वही मी नेहमी पिशवीत ठेवतो, हे तिला कधी कळलं कोण जाणे. तिने पहिल्यांदा उघडली. पानं चाळली नाहीत, सरळ शेवटच्या आकड्यापाशी गेली. बोटांवर मोजून, मोठ्या अक्षरात एकोणीस लिहिलं.

"त्या बैलाचं नाव का होतं?" तिने विचारलं.

मी विचारलंच नव्हतं. तिने मला लालसूकडे पाठवलं. परत येऊन सांगितलं तसं तिने आकड्याखाली लिहिलं: सोमा बैल, सहा घंटे.

मग त्याच्याखाली लिहिलं: रिंकू, अकरा.